चॉकलेटचं सोवळं

माझ्या भाचीला दुधाची ॲलर्जी आहे. ती सात वर्षांची झाली त्या वाढदिवसाला मी पुण्यातल्या एका दुकानातून तिच्यासाठी डार्क चॉकलेट घेऊन गेलो होतो. मी स्वतः व्हीगन, म्हणजे दूध, दही, तूप काहीच खात नाही. त्यामुळे मामानं आणलेलं चॉकलेट तिला चालणारच, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. दुकानात विचारलंही होतं. "व्हीगन आहे, मुलांना खुशाल द्या," असं उत्तर मिळालं. तिनं अर्धा तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि ती रात्र आम्ही रुग्णालयात काढली. पहाटे ती झोपल्यावर खिशातलं वेष्टन काढून वाचलं. घटकांच्या यादीत दूध नव्हतं. कोको मास म्हणजे कोकोच्या बियांचा लगदा, साखर, कोको बटर, सोया लेसिथिन, व्हॅनिला, एवढंच. त्याखाली वेगळ्या ओळीत, डोळे ताणून वाचावं लागेल अशा अक्षरांत, लिहिलं होतं की यात दुधाचा अंश असू शकतो. ते चॉकलेट तिला देणं ही माझी घोडचूक होती. आणि तरीही ते चॉकलेट व्हीगन होतं. मी ते आजही खाईन. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, हे लोकांना पटवताना मला गेली काही वर्षं जो त्रास झाला, त्यातून हा लेख आला आहे.

डार्क चॉकलेट व्हीगन आहे की नाही, हा वाद मी कितीतरी बैठकांत ऐकला आणि दर वेळी तो तीनच वाटांनी जातो. एक जण म्हणतो, डार्क म्हणजे बिनदुधाचं, विषय संपला. दुसरा म्हणतो, वेष्टनावर दुधाचा अंश असू शकतो असं छापलंय ना, मग ते बाटलं. तिसरा म्हणतो, आफ्रिकेतल्या मळ्यांत लहान मुलं राबवून पिकवलेला कोको कुठल्या तोंडानं व्हीगन म्हणायचा? तिघेही तावातावानं बोलतात आणि तिघेही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. माझं म्हणणं असं की चॉकलेट व्हीगन आहे का, हे त्याच्या कृतीवरून ठरतं. बनवणाऱ्यानं त्यात प्राण्यापासून आलेला घटक जाणूनबुजून घातला आहे का, एवढंच पाहायचं. रंग, कोकोचे टक्के, हिरवा ठिपका यांवरून ते कळत नाही. यंत्राच्या नळीत राहून गेलेल्या दुधावरून ते ठरत नाही. तो ॲलर्जीचा प्रश्न आहे आणि जिवावरचा आहे. मळ्यातल्या मुलाचा प्रश्न या दोन्हींपेक्षा मोठा आहे, पण तो व्हीगन या शब्दाच्या खांद्यावर टाकला की त्या मुलाचंच नुकसान होतं.

पहिल्या वाटेनं जाणाऱ्यांच्या बाजूनं इतिहास आहे, हे मान्य करू. घन स्वरूपातली चॉकलेटची वडी इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीनं १८४७मध्ये बाजारात आणली. चॉकलेटमध्ये आटवलेलं दूध घालून ते टिकवण्याची युक्ती स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावी डॅनियल पीटरला १८७५च्या सुमारास साधली. म्हणजे दूध हा चॉकलेटच्या घरातला उशिरा आलेला पाहुणा. कोको बटर या नावानं अनेक जण दचकतात, पण त्यात लोण्याचा संबंध नाही. ती कोकोच्या बियांमधली चरबी. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. कोकमाच्या बियांपासून काढलेलं तेल, ज्याला मुठेल म्हणतात, तेही असंच थंडीत घट्ट होतं आणि पायांच्या भेगांना लावलं की विरघळतं. युरोपीय संघाच्या २०००च्या चॉकलेटविषयक नियमात कोको बटरसोबत ज्या सहा वनस्पतिजन्य चरबी पाच टक्क्यांपर्यंत वापरायला परवानगी आहे, त्यांत कोकमाची चरबी आहे, आंब्याच्या कोयीची आहे आणि साल वृक्षाच्या बियांचीही आहे. तेव्हा मूळ पदार्थ झाडाचाच, यात शंका नाही.

पण मूळ पदार्थावरून आजचा पदार्थ ठरत नाही. आज डार्क म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वड्यांत दुधाची चरबी मुद्दाम घातलेली असते. घटकांत ती मिल्क फॅट किंवा बटर ऑइल या नावांनी येते. पाणी आणि प्रथिनं काढून टाकलेली ही दुधाची चरबी म्हणजे जवळजवळ आपलं साजूक तूप. ती घालण्यामागे कारणं आहेत. तिच्यामुळे वडी किंचित मऊ होते, कडूपणा बोथटतो, आणि चॉकलेट ठेवून दिलं की वर जो पांढुरका थर धरतो तो लवकर येत नाही. शिवाय कोको बटर महाग. अमेरिकेच्या कायद्यात डार्क चॉकलेट अशी व्याख्याच नाही. तिथं स्वीट आणि बिटरस्वीट असे प्रकार आहेत, आणि त्यांत दुधाचे घनपदार्थ बारा टक्क्यांच्या आत असले तर चालतात. वेष्टनावरचे सत्तर टक्के म्हणजे कोकोच्या बीपासून आलेला भाग. उरलेल्या तिसात नुसती साखर असेल किंवा साखरेसोबत तूपही असेल. त्यामुळे पन्नास टक्क्यांची वडी व्हीगन आणि सत्तर टक्क्यांची दुधाची, असं सहज घडतं. वडी जितकी काळी तितकी ती निर्दोष, ही समजूत म्हणजे भाकरीच्या रंगावरून धान्य ओळखण्यासारखी आहे.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ हिरव्या ठिपक्यामुळे होतो. भारतातला हिरवा ठिपका दुधाला अडवत नाही, मधाला अडवत नाही, आणि चॉकलेट गुंडाळलेल्या बदामावर चकाकी यावी म्हणून चढवलेल्या लाखेलाही अडवत नाही. तो आपल्या शाकाहाराच्या जुन्या व्याख्येला धरून आहे आणि त्या व्याख्येपुरता चोखही आहे. त्याच्याकडून व्हीगनपणाचं प्रमाणपत्र मागणं अन्यायाचं. त्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२मध्ये व्हीगन अन्नाचे स्वतंत्र नियम केले आणि हिरव्या रंगातलं, पान फुटलेलं व्ही हे अक्षर चिन्ह म्हणून ठरवलं. त्या नियमांत मुख्य घटकच काय, स्वाद, रंग, प्रक्रियेत वापरायची द्रव्यं, यांपैकी काहीही प्राणिजन्य नसावं अशी अट आहे. पण ज्यावर ते चिन्ह नाही ते सगळं त्याज्य, असंही नाही. चिन्ह घ्यायला अर्ज करावा लागतो, कागदपत्रं द्यावी लागतात, आणि केरळातल्या बिया आणून महिन्याला काही किलो वड्या बनवणारा लहान उत्पादक ते करेलच असं नाही. यादी वाचण्याला पर्याय नाही. इथं चिन्हांपेक्षा साक्षरता उपयोगाची. आणि यादीतल्या आकड्यांना उगाच घाबरायचं नाही, हेही त्या साक्षरतेतच येतं. ४७६ हा आकडा पाहून दचकणारे मी पाहिलेत. ते एरंडेलापासून केलेलं द्रव्य आहे, चॉकलेट साच्यात नीट वाहावं म्हणून घालतात.

इथपर्यंत आलं की घरातली वडीलधारी मंडळी एक रास्त प्रश्न विचारतात. शंभर ग्रॅमच्या वडीत दोन-तीन ग्रॅम तूप, तेवढ्यानं कुणाचं काय बिघडलं? गाय आपण पूजतो, मारत नाही, मग दुधात हिंसा कुठून आली? प्रश्नाचा पहिला भाग मला गंभीर वाटतो, कारण प्रमाण खरंच थोडं आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर गोठ्यात आहे. दूध देण्यासाठी गाय-म्हैस व्यायला हवी, आणि व्यायल्यावर निम्मी वासरं नर होतात. ट्रॅक्टरच्या काळात खोंडाला औत नाही, संकरित खोंडाला तर नाहीच. महाराष्ट्रात २०१५पासून बैल आणि वळू कापायला बंदी आहे, त्यामुळे तो खोंड उपाशी तरी राहतो नाहीतर रस्त्यावर तरी सोडला जातो. म्हशीच्या रेडकाला त्या कायद्याचं संरक्षण नाही. आपलं जवळजवळ निम्मं दूध म्हशीचं आहे आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं कोण म्हणेल? हे मी शेतकऱ्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोन म्हशींवर मुलांची शाळा चालवणारी बाई माझ्यापेक्षा कितीतरी कष्टाचं जगते. पण चॉकलेटमधल्या तुपाचं मूल्यमापन करताना त्या तुपाचा मागचा रस्ता पाहायला नको का?

आणि थोडं आहे म्हणून चालतं का, यावर आपल्याकडे एका माणसानं स्वतःवरच फार कठोर निकाल देऊन ठेवला आहे. गांधींनी १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. इतर कारणांबरोबरच, दूध काढण्यासाठी गाई-म्हशींवर होणारे अत्याचार त्यांच्या वाचनात आले होते. पुढे गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या सत्याग्रहानंतर ते अतिसारानं मरणाच्या दारी गेले, आणि १९१९च्या सुरुवातीला मुंबईत डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होती, मग शेळीचं दूध चालेल की, असं कस्तुरबांनी सुचवलं. त्यांनी ते घेतलं आणि वाचले. पण पुढे स्वतःच लिहून ठेवलं की शब्द पाळला गेला, व्रताचा आत्मा गेला, आणि ही बोच मनातून कधी निघाली नाही. शेळी की गाय, थोडं की फार, या हिशोबाला त्यांनी सबब होऊ दिलं नाही. मी ते केलं का, जाणून केलं का, एवढंच त्यांनी स्वतःला विचारलं. वडीत मुद्दाम घातलेल्या दोन ग्रॅम तुपाला हाच प्रश्न लागू आहे. ते कुणीतरी विकत घेतलं, मोजलं, घातलं, आणि त्याचे पैसे मी देणार आहे. ते प्रमाणानं थोडं असलं तरी ती कृती पूर्ण आहे.

आता दुसरी वाट, आणि इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथंच आहे. दुधाचा अंश असू शकतो, ही ओळ येते कुठून? चॉकलेटच्या कारखान्यात एकाच साखळीवर सकाळी दुधाचं आणि दुपारी डार्क चॉकलेट निघतं. ती नळ्या-टाक्यांची साखळी पाण्यानं धुता येत नाही. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंब लागला तर ते गोळा होतं, आणि ओलाव्यात जंतू वाढण्याची भीती असते. म्हणून कोरडं खरवडतात, किंवा पुढचंच चॉकलेट आतून वाहवून आधीचं बाहेर काढतात. पिठाच्या गिरणीत ज्यानं रांग लावली आहे त्याला हे चित्र नवीन नाही. बाजरीनंतर गहू टाकले की पहिलं मूठभर पीठ करडंच येतं. म्हणून तर उपासाचं दळण आपल्याकडे आधी लावायला सांगतात. गव्हाच्या डब्यात बाजरीचं बोटभर पीठ आलं म्हणून कुणी त्याला बाजरीचं पीठ म्हणत नाही.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडून येतो, तो लपवण्याचं कारण नाही. त्यांनी डार्क चॉकलेटच्या ९४ वड्या तपासल्या. त्यांतल्या फक्त सहांच्या घटकांत दूध लिहिलेलं होतं. उरलेल्या ८८मधल्या ५१ वड्यांत दूध सापडलं. निम्म्याहून अधिक! मग याला अंश म्हणायचं की सर्रास चाललेला प्रकार? ज्याला दूध नकोच आहे त्यानं हे आकडे वाचून हात आखडता घेतला तर त्याला वेडा कसं म्हणायचं? शिवाय असंही म्हणता येतं की दुधाच्या चॉकलेटवर जगणाऱ्या कारखान्याला आपण आपले पैसे का द्यावेत. हे दोन्ही मुद्दे वजनदार आहेत.

तरीही मला ते पटत नाहीत. नळीत राहून गेलेलं दूध दुधाच्या चॉकलेटसाठी आणलेलं होतं. मी डार्क वडी घेतली म्हणून ते आणलं गेलं नाही, आणि मी घेतली नाही तर एक थेंबही कमी आणला जाणार नाही. उलट हिशोब करून पाहा. व्हीगन गिऱ्हाइकांनी सामाईक साखळीवरची प्रत्येक वडी नाकारली तर कारखानदाराला डार्क वडी काढण्याचं एक कारण कमी होतं, आणि त्या साखळीवर चोवीस तास दुधाचंच चॉकलेट धावतं. कोणत्या वासराला याचा फायदा झाला? व्हीगन हा शब्द १९४४मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी घडवला, आणि त्यांच्या व्हीगन सोसायटीनं पुढे जी व्याख्या केली तिच्यात प्राण्यांचं शोषण शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं टाळणं, असे शब्द आहेत. व्याख्येच्या केंद्रस्थानी प्राणी आहे. माझी जीभ किती स्वच्छ राहिली, याबद्दल तिच्यात एक अक्षर नाही.

जिभेच्या स्वच्छतेची व्याख्या आपल्याकडे वेगळी, फार जुनी आहे, आणि तिचं नाव सोवळं. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी व्याख्यानाला गेली होती. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी फोडली, पाहुण्यांची नावं पुणेवैभव या वृत्तपत्रात छापून आली, आणि शहरभर ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी नेमली गेली. कुणी घोट घेतला, कुणी फक्त स्पर्श केला, याची साक्षीपुराव्यांनिशी छाननी झाली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यासाठी सुधारकांचा राग ओढवून घेतला. सव्वाशेहून जास्त वर्षांनी ती हकिकत वाचताना मला एकच गोष्ट सतावते. त्या पेल्यातल्या चहानं कुणाला इजा झाली होती का, हा प्रश्न त्या सगळ्या चौकशीत कुणी विचारला नव्हता. विटाळाच्या विचारात तो प्रश्न बसतच नाही, तिथं फक्त शिवलं की नाही शिवलं एवढंच पाहतात. म्हणूनच नळीतला दुधाचा कण दिसताच जेव्हा माझेच व्हीगन मित्र बाटलं असा शब्द वापरतात, तेव्हा मला वाईट वाटतं. दुधाच्या मागचं वासरू पाहायला शिकलेली माणसं पुन्हा शिवाशिवीवर आलेली मला पाहवत नाहीत.

पण अंशाला विटाळ म्हणू नका, असं सांगताना मी माझ्या भाचीला विसरू शकत नाही. तिच्या शरीराला हेतू कळत नाही. कणभर प्रथिन पुरतं. २०१७च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या बाथ शहरात दुधाची ॲलर्जी असलेल्या एका स्त्रीनं दूधविरहित समजून रॅप खाल्ला. त्यातल्या नारळाच्या दह्यात वापरलेल्या स्टार्चमधून दुधाची प्रथिनं आली होती. ती वाचली नाही. २०२२मध्ये त्या मृत्यूच्या चौकशीत न्यायाधिकाऱ्यानं यावरच बोट ठेवलं, की व्हीगन किंवा दूधविरहित अशी लेबलं पाहून ॲलर्जी असलेले लोक सुरक्षित समजतात आणि ती समजूत जिवावर बेतू शकते. व्हीगन हा शब्द कृतीबद्दल, हेतूबद्दल बोलतो. ॲलर्जीची सूचना वस्तूत प्रत्यक्ष काय उतरलं आहे त्याबद्दल बोलते. एकाला दुसऱ्याचं काम सांगितलं तर दोन्ही खोटी ठरतात. व्हीगन म्हणजे कणभरही दूध नाही, असा आग्रह धरणारे लोक आपण ॲलर्जीवाल्यांची बाजू घेतो आहोत असं समजतात. प्रत्यक्षात तेच त्यांना धोक्यात घालतात, कारण त्यांच्या आग्रहामुळे दुकानातला माणूस आईबापांना बेधडक सांगतो, व्हीगन आहे, मुलांना खुशाल द्या.

साखरेचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेत उसाची साखर पांढरी करायला काही ठिकाणी जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून तिथले व्हीगन साखरेची चौकशी करतात, आणि ते बरोबर आहे. आपल्या बहुतेक कारखान्यांत रस चुन्यानं आणि गंधकाच्या धुरानं स्वच्छ करतात. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाला तो वास माहीत असतो. १९०५च्या स्वदेशी चळवळीतही विदेशी साखर हाडांनी साफ करतात, असा जोरदार प्रचार झाला होता. तेव्हा ती लढाई धर्म बुडण्याच्या भीतीवर चालली. इथल्या साखरेवर केलेल्या इथल्या चॉकलेटपुरता हा प्रश्न मला मोठा वाटत नाही.

तिसरी वाट मात्र अशी झटकून टाकता येत नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या नॉर्क या संस्थेनं २०२०मध्ये अंदाज दिला की तिथल्या कोकोच्या शेतांत १५ लाख ६० हजार मुलं काम करतात. त्यांतली बरीचशी कोयते चालवणं, फवारणी, जड ओझी असली धोक्याची कामं करतात. मोठ्या कंपन्यांनी २००१मध्ये अमेरिकेत करार केला होता की हे थांबवू. मुदत २००५ होती, ती पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. आयव्हरी कोस्टची बहुतेक जंगलं गेल्या साठ वर्षांत गेली आणि त्यात कोकोचा वाटा मोठा आहे. राखीव जंगलांच्या आतसुद्धा कोको लागला, आणि तिथले हत्ती, चिंपांझी गेले. माणूसही प्राणीच ना, मग वासराच्या दुःखावर उभा असलेला शब्द मुलाच्या दुःखासमोर गप्प कसा, असं मला विचारतात. हा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचतो, आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे आहे असा माझा दावा नाही.

एवढं मात्र इतिहास दाखवतो. १७९१मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापाराविरुद्धचं विधेयक फेटाळलं आणि हजारो घरांनी वेस्ट इंडीजची साखर सोडली. विल्यम फॉक्स यांच्या पत्रकात लिहिलं होतं की या साखरेच्या प्रत्येक पौंडाबरोबर आपण दोन औंस माणसाचं मांस खातो. विटाळाची भाषा लोकांना पेटवते, हे त्यातून दिसतं आणि मी ते नाकारत नाही. पण पुढे काय झालं? गुलामांनी न बनवलेली अशी अक्षरं असलेल्या भांड्यांतून ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्याकडची, साखर चहात पडू लागली आणि बहिष्कार घालणाऱ्यांची मनं निवांत झाली. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामी कायदेशीर होती. १८३३च्या गुलामीबंदीच्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळला गेला, आणि इथं गुलामीला कायद्याचा आधार काढून घेणारा कायदा १८४३मध्ये आला. एका प्रश्नासाठी केलेल्या लेबलावर दुसऱ्या प्रश्नाचं ओझं टाकलं की ते लेबल झाकण बनतं.

चॉकलेटच्या धंद्यात तर हे आणखी जवळून घडलं. कॅडबरी हे क्वेकर पंथाचं, गुलामीविरोधाची परंपरा सांगणारं घराणं. पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटावरच्या मळ्यांत गुलामी आहे, हे विल्यम कॅडबरींच्या कानावर १९०१मध्ये आलं. चौकशा झाल्या, पत्रव्यवहार झाला, माणसं पाठवली गेली, आणि तिथला कोको घेणं थांबलं १९०९मध्ये. स्टँडर्ड या वृत्तपत्रानं दांभिकतेचा आरोप केला म्हणून कंपनीनं बदनामीचा खटला भरला. ज्यूरीनं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला आणि नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. त्या आठ वर्षांत त्यांनी विकलेल्या बिनदुधाच्या प्रत्येक वडीच्या घटकांवर आजचा व्हीगन शिक्का बसला असता. म्हणून शिक्का खोटा ठरतो का? त्यानं मळ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. मळ्याबद्दल सांगायला वार्ताहर लागले, खटला लागला. आज जर आपण ठरवलं की व्हीगन शब्दात मजुरांचा न्यायही येतो, तर कंपनी दूध काढून टाकेल, हिरवं पान छापेल, आणि गिऱ्हाईक समजेल की मळ्याचंही पाहिलं गेलं असेल. मला ती सोय कुणालाच द्यायची नाही. कोकोचा प्रश्न स्वतंत्र विचारला पाहिजे, मोठ्यानं विचारला पाहिजे. या बिया कुठल्या, शेतकऱ्याला किलोमागे काय मिळालं, झाड कुठलं जंगल तोडून लावलं? केरळात, आंध्रात, दक्षिण कर्नाटकात नारळी-पोफळीच्या सावलीत कोको होतो. तिथल्या बियांच्या वडीबद्दल हे प्रश्न विचारून उत्तर मिळवणं आपल्याला आयव्हरी कोस्टपेक्षा सोपं आहे, आणि तिथंही ते विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगणार नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. डार्क या शब्दाखाली दुधाची चरबी विकायची असेल तर ते वेष्टनाच्या पुढच्या बाजूला लिहा. व्हीगनचं चिन्ह जिथं छापाल, तिथंच, त्याच आकाराच्या अक्षरांत, साखळी सामाईक आहे की स्वतंत्र हेही छापा. आणि अंश असू शकतो, ही ओळ चाचणी करून लिहा. अंगावर काही येऊ नये म्हणून सगळ्याच वड्यांवर ती छापली की ती वाचायचं लोक सोडून देतात.

भाची आता अकरा वर्षांची आहे. परवा दुकानात तिनं एक वडी उचलली, उलटी केली, सर्वांत खालची ओळ आधी वाचली, मग वरची यादी वाचली, आणि ती माझ्या हातात दिली. "मामा, हे तुला चालेल. मला नाही."